पिंडाजवळची बाटली

पायांच्या आवाजावरून माणूस ओळखण्यात लंकाबाई गुंजाळचा हात धरणारं पळसओढ्यात कुणी नव्हतं. आणि नुसता माणूसच नव्हे. तो प्यालेला आहे की नाही, आता भांडेल, रडेल की नुसताच आडवा होईल, एवढं सगळं तिला तो दारात यायच्या आधी कळायचं. गावातल्या बायका थट्टेनं म्हणायच्या, "लंके, आमचं मालक येशीपातूर आलं का बघ की जरा." ती कान द्यायची आणि सांगायची, "येशीत न्हाई, मारुतीपाशी हाय. भाकरी झाकून ठेव, आज जेवायचा न्हाई." तिचं सहसा चुकत नसे. बायका हसायच्या. लंकाबाई हसायची नाही.

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. सहाव्या-सातव्या वर्षी ती अंगात आली आणि मग निघाली नाही. तेहतीस वर्षांची झाली, सात वर्षं सासरी राहून नवरा विषमज्वरात गेल्यावर माहेरी परत आली, तरी जेवताना ती भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करूनच बसायची.

तिचा बाप सहादेव गुंजाळ मूळचा वाईट माणूस नव्हता, असं गावात सगळेच म्हणत. दारुड्याबद्दल गावात नेहमी असंच म्हणतात. पारनेर तालुक्यातली जिरायत जमीन, म्हणून दिवाळी झाली की तो बैलगाडी घेऊन कोपरगावकडे उसाच्या वाहतुकीला जायचा. तिथून पहिल्या वर्षी त्यानं बायकोला लुगडं आणलं, दुसऱ्या वर्षी नुसतीच सवय आणली. तेव्हा दारूबंदी होती, पण ओढ्यापलीकडे बाभळीत हातभट्टी लागायचीच. त्याची बायको रतनबाई घरात सापडेल ती बाटली फोडायची. ज्वारीच्या कणगीतली फोडली, गव्हाणीतली फोडली. मग सहादेवानं मळ्यातल्या विहिरीत जागा शोधली. काठापासून दोन पुरुष उंचीइतकं खाली, दगडाच्या एका कपारीत, बाटली गारही राहायची आणि रतनबाईचा हातही पोचायचा नाही.

सहादेवाचाही पोचायचा नाही. म्हणून तो धाकट्या बन्सीला दोरानं खाली सोडायचा. बन्सी सात वर्षांचा, अंगानं हलका. आधी त्याला तो खेळ वाटायचा.

एका उन्हाळ्यातल्या दुपारी बन्सीनं कपारीतून बाटली काढली आणि दोराला बांधली. सहादेवानं दोर ओढला, बाटली सोडून घेतली आणि दोर परत खाली टाकायच्या आधी दोन घोट घेतले. मग आणखी दोन. मग तो मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या सावलीत कलंडला. दोर त्याच्या अंगाखाली अडकला. दहा वर्षांच्या लंकानं तो ओढून पाहिला, बापाला हलवून पाहिलं, त्याचा मार खाल्ला आणि शेवटी काठावर पालथी झोपून खाली डोकं घातलं. हाताएवढ्या रुंद टप्प्यावर बन्सी दगडाला चिकटून उभा होता. आईला बोलवायला गाव पाऊण मैलावर, आणि ती उठली की बन्सी ओरडायचा, "आक्का, जाऊ नको." मग ती गेलीच नाही. तिनं त्याला पाढे म्हणायला लावले. बेचा, त्रिकाचा, चौकाचा. त्याला येत होते ते संपले तेव्हा तिनं आपले सांगितले. ऊन कलल्यावर शेजारच्या मळ्यातले कारभारीतात्या बैल पाजायला आले, त्यांनी बन्सीला वर काढला. ते सहादेवाचे चुलतभाऊ. त्यांनी सहादेवाला दोन मुस्काटात दिल्या आणि मुलांना सांगितलं, "घरात बोलू नका, उगा आईला घोर."

मुलांनी सांगितलं नाही. लंकाबाईला पुढे कित्येक वर्षं वाटायचं, त्या दुपारी आपण आईकडे पळत जायला हवं होतं. बन्सीनं काय वाटून घेतलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. पंधराव्या वर्षी तो घर सोडून कोपरगावला गेला, साखर कारखान्यात चिकटला, आणि विशीत पिण्यात बापापेक्षा पुढे गेला.

सत्तर सालच्या आषाढात रतनबाई वारली. तेरावा झाला त्या दुपारी सहादेव पिऊन आला, उंबऱ्यात बसला, मोठ्यानं रडला आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "लंके, तुझी आन घेऊन सांगतो, आजपासनं…"

लंकाबाईनं तो हात उचलून बाजूला ठेवला.

"बा, माझ्या डोक्यावर तुमच्या आधीच्याच सतरा शपथा हायेत. आता जागा न्हाई."

"मग तुळशीची घेतो."

"तुळस दोनदा वाळलीय. कुनाचीच घ्यायची न्हाई. शपथ घेतलीत तर मी ह्या घरात ऱ्हानार न्हाई. प्यायलात तर प्यायलो म्हनून सांगायचं. न्हाई प्यायलात तर काई सांगू नका. आन् दिवस कलला की आईची घागर उचलायची आन् पानी भरायचं."

"गडीमानसानं डोक्यावर घागर घ्यायची?"

"दोन-चार खेपा. बाभळीत जायाच्या वक्ताला."

सहादेवाला राग आला. तो बाभळीत गेला, आणि परत आल्यावर ठरल्याप्रमाणे सांगितलं, "प्यालो." लंकाबाईनं त्याला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा सांगितलं. असे दहा-बारा दिवस गेले. खरं सांगून शिव्या मिळत नाहीत, रडारड होत नाही, हे त्याला सोसेना. एका संध्याकाळी त्यानं घागर उचलली.

गावाला तमाशाच झाला. वाटेवर बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पारावरच्या पोरांनी त्याचं नाव 'सहादूबाई' ठेवलं. एकानं विचारलं, "सहादूबाई, चुंबळ कुनाकडनं शिकला?" सहादेव थांबला. म्हणाला, "बायकोकडनं. ती हुती तवर शिकलो न्हाई, हीच चूक झाली." आणि पुढे गेला.

पहिले दिवस वाईट होते. हात थरथरायचे, घागर अर्धी सांडायची, अंगावरचं धोतर भिजून जायचं. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, तेव्हा लंकाबाईनं त्याला गाडीत घालून पारनेरच्या डॉक्टरकडे नेलं, सुई देववली, गुळाचं पाणी पाजलं. दिवाळीपर्यंत तो तीनदा घसरला आणि तीनही वेळा घरी येऊन सांगितलं. दिवाळीनंतर सांगायची वेळ आली नाही. ज्या विहिरीत बन्सी उभा होता त्याच विहिरीतून तो रोज पाणी काढायचा. त्याबद्दल तो लेकीशी कधी बोलला नाही. एकदा फक्त दोर सोडताना म्हणाला, "दोन पुरुष म्हंजी लई खोल असतं." लंकाबाईनं ऐकलं.

बहात्तरला ती विहीर आटली. गावाबरोबर बाप-लेक दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. सहादेवाचं पोट फुगायला लागलं होतं, डोळे पिवळे झाले होते. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, जुनं आहे, आता उशीर झाला. त्र्याहत्तरच्या वैशाखात तो गेला. अगदी शेवटच्या दिवसांत दुखणं थांबत नव्हतं तेव्हा कारभारीतात्यांनी प्रेमानंच सुचवलं, "लंके, घोटभर दे त्याला. आता काय राखायचंय?" सहादेवानं स्वतःच मान हलवली. नाही म्हणून.

तरी गावानं ठरवलं, दारूनंच गेला. ते खरंही होतं. पण अर्धंच.

तिसऱ्या दिवशी बन्सी बायको-मुलीला घेऊन आला. बायको पुष्पावती शांत, अकाली थकलेली. मुलगी चार वर्षांची. लंकाबाई त्या दोघींना ओसरीवर ताक देत होती. मुलगी काहीतरी हट्ट करून भोकाड पसरून रडत होती. एवढ्यात बोळातून बन्सीची पावलं वाजली, आणि मुलगी मध्येच रडायची थांबली. तोंड उघडं, आवाज बंद. तिनं हळूच मागे सरकून भिंतीला पाठ लावली आणि दाराकडे पाहत राहिली.

लंकाबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. पुष्पावती तिच्याकडे पाहत नव्हती.

"कवापासनं?" लंकाबाईनं विचारलं.

"चालायला लागली तवापासनं," पुष्पावती म्हणाली.

दहावा ओढ्याच्या पात्रात होता. पात्र नुसतंच होतं, पाणी नव्हतं. वाळूत खणलेल्या झिऱ्यातून मिळालेलं हंडाभर पाणी विधीला राखून ठेवलं होतं. बन्सीनं क्षौर केलं, जोशीबुवांनी मंत्र म्हटले, पिंड मांडून झाले. मग सगळे मागे सरले. पुरुष एका बाभळीखाली, बाया दुसरीखाली. कावळा येऊन पिंडाला शिवेल तेव्हाच घरी जाऊन जेवायचं.

कावळा येईना. तसा तो येणार कुठून? रानात दाणा नव्हता, झाडावर पान नव्हतं. गावातले कावळेसुद्धा दुष्काळी कामावर गेले होते. तिथे माणसांच्या भाकरीच्या फडक्यांवर ते टपून बसायचे. पण हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यांना वाटलं, सहादेवाची इच्छा राहिली आहे.

कारभारीतात्या हात जोडून पुढे झाले. "सहादेवा, बन्सीला आमी अंतर देनार न्हाई. घे बाबा."

काही नाही.

"लंकीपाई जीव अडकला आसंल," सहादेवाची बहीण गोजरआत्या बायांतून म्हणाली. "एकटी पडली माजी बाय."

"लंकीला कोन काय करतंय?" पुरुषांतून कुणीतरी म्हणालं. "तिच्यापासनं गावाला जपा म्हनावं." खसखस पिकली. गोजरआत्याही हसली.

ऊन चढलं. दुपारच्या हजेरीला गैरहजर लागलं तर दिवस बुडणार, म्हणून माणसं चुळबूळ करायला लागली. लहान मुलांची तोंडं सुकली. मग तोच मघाचा आवाज आला, "तात्या, उगा आडरानात शिरू नका. सहादेवाचा जीव कशात हुता, ते शेंबड्या पोराला ठावं हाय."

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना पटलं. त्या भागात रीतच होती. विडी ओढणाऱ्याला पिंडाजवळ विडी, तंबाखूवाल्याला तंबाखू, पिणाऱ्याला ती.

"आनलीय मी," बन्सी म्हणाला. त्यानं पिशवीतून बाटली काढली. कोपरगावहून निघतानाच आणलेली होती.

लंकाबाई बायांतून उठली आणि पिंडाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. दहाव्याला बाईनं असं पुढे जायचं नसतं. गोजरआत्यानं तिचं लुगडं धरलं होतं, ते तिनं सोडवून घेतलं.

"बन्सी, ती पिशवीत ठेव."

"आक्का, बाजूला हो. हितं बायामानसाचं काम न्हाई."

"पिंडाचा भात मी शिजवलाय. त्याच्याजवळ काय ठेवायचं ते मी बघनार."

"त्याला आवडायची ती."

"आवडायची. म्हनून तर सोडली. न आवडनारं सोडायला काय लागतं?"

बन्सीच्या तुळतुळीत डोक्यावरून घाम ओघळत होता. तो एकदम हळू बोलायला लागला. "तू त्याला माफ केलं आसशील. मी न्हाई केलं. मला खाली ठेवून ज्यानं बाटली वर घेतली, तो माझा बा. त्याला मी बाटली देनार. पानी भरनारा म्हातारा तुझा. तो मी बघितला बी न्हाई."

बन्सी खोटं बोलत नव्हता.

"माफ मी बी केलं न्हाई," ती म्हणाली. "त्यानं माफी मागितली न्हाई. मागितली आसती तरी दिली नसती. काठावर मी बी हुते, बन्सी. तुला खाली ठेवनाऱ्याचा दहावा तुला घालायचा आसंल तर कोपरगावला जाऊन घाल, मी आडवी येनार न्हाई. हितं मेला तो येगळा. त्यानं मरताना सुदिक घोट घेतला न्हाई. त्याच्याजवळ मी बाटली ठेवू देनार न्हाई. तुझी पोरगी तिकडं बसून बघतीय."

बन्सीनं बायांकडे पाहिलं. मुलगी पुष्पावतीच्या मांडीवर होती. डोळे टक्क उघडे.

कारभारीतात्या मध्ये पडले. "पोरी, लोकं उपाशी हायेत. नुसती ठेवायची, कुनाला पाजायची हाय? कावळा शिवला की उचल."

"मंग उद्या सगळ्या तालुक्यात सांगाल, बाटली दिसली तवा आला. सहादेवाचा जीव बाटलीत हुता."

"हुताच की."

"हुता." लंकाबाई म्हणाली. "कोन न्हाई म्हनतंय, तात्या? रोज हुता. रोज दिवस कलला की त्याचा जीव बाभळीकडं वढायचा आन् पाय विहिरीकडं चालायचे. इच्छा राहिलीच त्याची. ती राहिली, हीच त्याची कमाई. अडीच वरसं जी त्यानं राखली ती तुमी येका घोटात फेडू नका."

"म्हंजी आत्मा तसाच तहानलेला ठेवायचा?"

"व्हय."

"आन् कावळा न्हाई शिवला तर?"

"तर न्हाई शिवला. ज्याला भूक लागली त्यानं घरी जाऊन जेवावं. भाकरी झाल्यात. मी हितं हाय."

ती तिथेच वाळूत बसली. दुपारच्या उन्हात, भिंत नाही, पाठीला काही नाही, सगळ्या गावाकडे पाठ करून.

बराच वेळ कुणाला काय करावं ते कळेना. दोघं-तिघं हजेरीच्या नावानं निघून गेले. शेवटी जोशीबुवांनी खाकरून सांगितलं, "शास्त्रात सोय आहे. कावळा न आल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा. पण ते मुलानं करायचं असतं."

"कमीपना हाय त्यो," तात्या म्हणाले. "आपल्या भावकीत आजवर असं झालं न्हाई."

"पानी भरनं बी झालं नव्हतं," लंकाबाई मागे न वळता म्हणाली.

बन्सीनं बाटली पिशवीत टाकली आणि पुढे आला. जोशीबुवांनी दर्भाची जुडी वळून त्याच्या हातात दिली. त्याचे हात कापत होते. सकाळपासून त्यानं घेतली नव्हती. सुतकाची लाज असेल किंवा बहिणीची. जुडी पिंडापर्यंत पोचायच्या आधी वाळूत पडली. त्यानं उचलली, पुन्हा पडली. जोशीबुवा दुसरीकडे पाहू लागले. लंकाबाई हातभर अंतरावर होती. तिनं त्याचा हात धरला नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं घट्ट पकडलं आणि दर्भ पिंडाला टेकवला.

तात्या जेवायला आले नाहीत. त्यांच्याबरोबर भावकीतली पाच-सहा घरं उठून गेली. उरलेल्यांना लंकाबाईनं स्वतः वाढलं. बन्सी पानावर बसला, पण त्याला घास उचलेना. पिशवी त्याच्या मांडीशी होती. लंकाबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. बाटल्या फोडून काही होत नाही, हे रतनबाईनं तिला वीस वर्षं दाखवलं होतं.

"बाचे हात कवा थांबले?" बन्सीनं विचारलं.

"नवव्या दिवशी."

"तवर?"

"तवर वाईट. तिसऱ्या दिवशी मुंग्या दिसत्यात. नसत्यात. त्याच्या आधी पारनेरला जायाचं, डॉक्टर सुई देतो. सुईबिगर करायचं न्हाई, जीव जातो."

"तू मला काई बोल तरी," बन्सी म्हणाला.

"बोलायला वेळ कुठाय? पंगत बसलीय," लंकाबाई म्हणाली आणि त्याच्या पानात पुन्हा थोडा भात वाढला.

त्या खेपेला बन्सी पाच दिवस राहिला आणि सहाव्या दिवशी न सांगता कोपरगावला गेला. पुष्पावती आणि मुलगी गेल्या नाहीत. लंकाबाईनं त्यांना ठेवून घेतलं. भावकीनं त्यावरही तोंडसुख घेतलं. आषाढात बन्सी परत आला, दारातच म्हणाला, "प्यालोय." लंकाबाईनं त्याला वाढलं. श्रावणात तो पुन्हा घसरला, पुन्हा आला. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मुलगी ओसरीवर रडत होती, बोळात बन्सीची पावलं वाजली, आणि ती रडतच राहिली. लंकाबाई, पुष्पावती आणि बोळातला बन्सी, तिघांनाही ते ऐकू आलं.

कारभारीतात्यांचा राग मात्र गेला नाही. ओढ्यावर भेटले की ते अजून लंकाबाईला सुनावतात, "तुझ्यापाई सहादेवाला गती न्हाई मिळाली. हितंच फिरत आसंल बिचारा."

लंकाबाई डोक्यावरची घागर सावरते.

"फिरू द्या की, तात्या. शुद्धीवर फिरतोय न्हवं?"